रविवारच्या दोरीवरचा वाघ

अमिरातीतल्या खोर फक्कानहून उठून स्कॉटलंडच्या एका टोकाच्या बेटावर जाऊ असं आमच्या मनात कधी आलं नव्हतं. जायचं होतं फक्त ग्लासगोला, इक्बालच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं म्हणून. नव्वदचं दशक सरत आलं होतं. इक्बाल, म्हणजे माझे मिस्टर, तेव्हा खोर फक्कानच्या बंदरात क्रेनवर सुपरवायझर होते आणि आम्ही समुद्राकडे तोंड असलेल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहत होतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. त्यामुळे घरातून बोटी दिसल्या नाहीत तर मला करमत नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्याच बंदरात कॅप्टन मर्डो होते. मोठमोठी कंटेनर जहाजं आत आणायचं त्यांचं काम. पन्नाशीला आलेले, लग्न न केलेले, आणि बंदरातल्या आमच्या पोरांकडून उचललेलं हिंदी असं बोलायचे की हसू आवरायचं नाही. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. आम्ही ग्लासगोला जातोय हे कळल्यावर त्या शुक्रवारी त्यांचं जेवणात लक्षच लागेना. शेवटी हात धुऊन आले आणि म्हणाले, "भाभी, एक काम आहे. इक्बालचं नाही, तुमचं."

काम असं होतं. त्यांच्या बेटावर पूर्वी बायका घरी विणलेलं ट्वीडचं लोकरी कापड ओलं करून एका लांब फळीभोवती बसायच्या आणि ते घट्ट होईपर्यंत फळीवर आपटत राहायच्या. आपटताना गाणी म्हणायच्या, गेलिक भाषेत. प्रत्येक घराचं एखादं खास गाणं असायचं. मर्डोंच्या आजीचं गाणं आता फक्त त्यांच्या आईला येत होतं. त्यांना ते कॅसेटवर हवं होतं. मी विचारलं, तुम्हीच का नाही करून आणत? तर त्या कामाच्या खोलीत पुरुषाला घेतच नाहीत म्हणे. कापड आपटून होईपर्यंत नवरा, बाप, मुलगा, सगळे बाहेर.

"मी ते गाणं जन्मभर दाराबाहेरूनच ऐकलंय," कॅप्टन म्हणाले. "मला ती आत घेणार नाही. तुम्हाला घेईल. आई आता थकली आहे, भाभी."

मग नाही कसं म्हणणार? शिवाय त्यांनी आईसाठी काहीतरी उबदार घेऊन जा, तुम्हीच पसंत करा, असंही सांगितलं. आता गल्फमधल्या माणसाला उबदार वस्तू म्हटली की एकच सुचते. आम्ही मसाफी-धैदच्या रस्त्याने दुबईला उतरलो (तेव्हा डोंगरातले थेट बोगदे झाले नव्हते, अडीच तास धरायचे) आणि देऱ्याच्या बाजारातून एक कोरियन मिंक ब्लँकेट उचललं. ऐंशी दिरहम, म्हणजे तेव्हाचे नऊशेच्या आसपास रुपये. दोन पदरी, तपकिरी, आणि मधोमध भलामोठा वाघ. गावाला जाताना आपण सगळे नेतो तेच. शेजारच्याच दुकानात एक छोटा टेपरेकॉर्डर घेतला. आमची सना तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला शारजात नणंदेकडे सोडलं. मी तिला कोकणीत म्हटलं, फुफीला त्रास देऊ नको. ती म्हणाली, "ओके मम्मा, डोन्ट वरी." तिची सगळी उत्तरं इंग्रजीतच यायची.

लग्नाचं वर्णन करत नाही, लग्नासारखं लग्न झालं. पुढच्या प्रवासाचं वेळापत्रक इक्बालनी आखलं आणि त्यातच आमची फजिती झाली. शुक्रवारी ग्लासगोहून निघायचं, शनिवारी संध्याकाळी बेटावर पोहोचायचं, रविवारी दिवसभर निवांत रेकॉर्डिंग, सोमवारी सकाळच्या बोटीने परत, कारण मंगळवारी रात्री दुबईचं विमान. बारा वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाच्या डोक्यात सुट्टी म्हणजे शुक्रवार आणि रविवार म्हणजे आठवड्यातला धडधडीत कामाचा दिवस. कॅप्टननाही आम्ही वेळापत्रक दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली, छान म्हणाले. त्यांच्याही काही लक्षात आलं नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. ग्लासगोहून स्काय बेटापर्यंत बस. जवळजवळ सगळा दिवस जातो, पण खिडकीची जागा मिळाली तर दिवस कसा जातो कळत नाही. डोंगर, तळं, परत डोंगर, आणि सगळ्यावर असा ओला उजेड की डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत हेच ठरत नाही. स्कायच्या उत्तर टोकाला एक रात्र राहायचं. तिथून दुसऱ्या दिवशी मोठ्या फेरीबोटीने हॅरिस. हॅरिसला एक लाल गाडी मिळते, टपालही नेते आणि माणसंही. तिने धक्क्यापर्यंत, आणि शेवटी एक छोटी उघडी लाँच. खाण्याचं म्हणाल तर आम्ही हलालच्या विचाराने सगळीकडे मासे आणि चिप्सच खाल्ले, आणि काही बिघडलं नाही. स्वेटर मात्र जूनमध्येसुद्धा दोन घ्या.

लाँचमध्ये ब्लँकेट माझ्या मांडीवर होतं, त्याच्या त्या चेन लावलेल्या प्लॅस्टिक पिशवीत. अर्ध्या वाटेत पाऊस आला, वारा फिरला आणि एक लाट सरळ आत. मी रेकॉर्डर छातीशी धरला आणि पिशवी खाली सटकली. चेन आधीच विमानात तुटली होती. धक्क्यावर उतरलो तेव्हा ब्लँकेटने एवढं समुद्राचं पाणी प्यायलं होतं की इक्बालना ते एकट्याने उचलेना.

धक्क्यावर दोघी उभ्या होत्या. एक उंच, सुरकुतलेली, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी, म्हणजे कॅप्टनची आई पेगी. पहिल्या तासाभरातच मी त्यांना पेगीखाला, म्हणजे पेगीमावशी, म्हणायला लागले. दुसरी त्यांची शेजारीण क्रिसी, बेटावरच्या शाळेतली बाई, पंचेचाळीस-सत्तेचाळीसची, हसरी. पेगीखालांचं इंग्रजी माझ्यापेक्षा थोडं, त्यामुळे दोघींच्या मधलं बोलणं क्रिसीच इकडून तिकडे नेत होती. खालांनी पाणी निथळणारा वाघ पाहिला, त्याची दुसरी बाजू धरली आणि आम्ही तिघांनी मिळून तो घरी नेऊन मागच्या टबात टाकला.

गाव म्हणजे वीसेक घरं, आणि त्यांच्या मधेमधे जुन्या दगडी घरांच्या नुसत्या भिंती. छपरं कधीच गेलेली, आत गवत आणि एखादी मेंढी. प्रत्येक घरामागे पीट रचलेलं. दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवतात, तेच जळण. तिचा धूर गावभर रेंगाळत असतो आणि अंगाला, केसांना, झोपेलासुद्धा त्याचा वास लागतो. क्रिसीने जुन्या शाळेच्या खोलीत गावाच्या वस्तू मांडल्या होत्या. माग, दिवे, माशांच्या टोपल्या. भिंतीवर एक फोटो होता. फळीभोवती आठ बायका, बाह्या वर केलेल्या, आणि टोकाला कोवळ्या पेगीखाला. क्रिसी म्हणाली, या आठातल्या आता या एकट्याच. शाळेतली मुलं पण गेलिक समजतात, पण उत्तर देतात इंग्रजीत. मला सनाची आठवण आली.

जेवायला खारवलेलं हेरिंग आणि सालासकट उकडलेले बटाटे. मी काट्या-चमच्याला हात घालणार तेवढ्यात खालांनी माझं मनगट धरलं. हे हाताने खायचं असतं, त्यांच्याकडे पहिल्यापासून. इक्बालचा चेहरा असा खुलला म्हणता! खाऱ्या माशाचा तो वास, बोटांनी काटे काढणं. आम्ही दोघं थेट आपल्या खाडीवर पोहोचलो होतो.

जेवण झाल्यावर मी रेकॉर्डर काढला आणि कॅप्टनचा निरोप सांगितला. खाला शांतपणे ऐकून उठल्या आणि चुलीशी बादल्या भरून ठेवू लागल्या. क्रिसीने सांगितलं की उद्या सब्बाथ. पाणी आजच भरायचं, बटाटे आजच सोलायचे. उद्या काम नाही, धुणं नाही, दुकान नाही, बोट नाही, आणि देवाचं सोडून दुसरं गाणं तर मुळीच नाही. खालांनी पाठमोऱ्याच एक वाक्य जोडलं. क्रिसीने ते जरा बिचकत सांगितलं, "त्या म्हणतात, तसंही ते गाणं कापडासाठी आहे, डब्यासाठी नाही. युनिव्हर्सिटीचे लोकही त्यांनी परत पाठवले होते."

रात्रीचे दहा वाजून गेले तरी उजेड जाईना. इक्बाल मगरिबच्या नमाजासाठी खिडकीशी उभे राहून सूर्य बुडायची वाट पाहत होते आणि सूर्य आपला पाण्यावर सरकत बसला होता. सगळं बेट निळसर झालं होतं. मी अंथरुणात पडून विचार करत होते की कॅप्टनना काय सांगायचं. सोमवारी सकाळी आम्ही निघणार, आणि कॅसेट कोरीच राहणार.

रविवारी मला लवकर जाग आली. ऊन पडलं होतं, वारा मस्त सुटला होता. टबातल्या ब्लँकेटला वास यायला लागला होता. मी इक्बालना हाक मारली, "अहो, जरा हात लावा." आम्ही दोघांनी ओढत ओढत ते परसात नेलं आणि दोरीवर टाकलं. म्हातारीला तेवढीच मदत, असं माझ्या मनात. काम नाही, धुणं नाही, हे रात्रीच ऐकलं होतं, पण हे धुणं थोडंच होतं? वाळत घालणं म्हणजे काही काम आहे असं मला वाटलंच नाही. वाऱ्याने ब्लँकेट फुगलं आणि वाघ साऱ्या गावाकडे तोंड करून उभा राहिला.

नेमके तेव्हाच काळ्या कपड्यातले लोक चर्चकडे निघाले होते. एकेक जण थबकायला लागला. क्रिसी चर्चचा कोट आणि टोपी सांभाळत शेतातून पळत आली आणि धापा टाकत म्हणाली, काढा, आधी काढा. सब्बाथला दोरीवर रुमालसुद्धा चालत नाही. आम्ही तिघांनी मिळून वाघ परत टबात कोंबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाला दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. त्यांनी क्रिसीकरवी एवढंच विचारलं, मर्डोने तुम्हाला रविवारचं सांगितलं नाही?

मी खरं ते सांगितलं. तिकडे शुक्रवार पवित्र, रविवारी सगळे कामावर जातात, कॅप्टनसुद्धा. त्यांनीही आमचं वेळापत्रक पाहिलं होतं, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. क्रिसीने ते गेलिकमध्ये सांगायला थोडा वेळ घेतला. खालांनी ऐकलं, मान हलवली, आणि बायबल घेऊन चर्चला निघून गेल्या. बोलताना मला कळलं नव्हतं, पण त्या पाठमोऱ्या चालायला लागल्यावर कळलं, की मुलगा किती दूर गेलाय हे त्यांना माझ्या तोंडून कळलं.

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. रस्त्यावर माणूस नाही, समुद्रात बोट नाही. आम्ही दोघं खिडकीत बसून होतो. चर्चमधून भजनासारखं काहीतरी येत होतं. एक पुरुष ओळ उचलायचा आणि बाकीचे आपापल्या चालीने ती मागे ओढत न्यायचे, भरतीचं पाणी वाळूत शिरतं तसं. घड्याळाचा आवाजही मोठा वाटत होता. माझं मन तिथून उठून आमच्या खाडीवर गेलं. आई आणि चुलती एकाच उखळात दोन मुसळांनी भात कांडायच्या, एकीचं मुसळ खाली तर दुसरीचं वर, आणि गाणं. त्यातलं एकही गाणं मला पूर्ण येत नव्हतं. सनाला तर मुसळ माहीतच नव्हतं. इक्बाल म्हणाले, आपल्या शुक्रवारीही पूर्वी असंच शांत असायचं.

संध्याकाळी खाला माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझे हात उलटसुलट करून पाहिले. काहीतरी पुटपुटल्या आणि झोपायला गेल्या.

सोमवारी सकाळी आवाजाने उठले. खालांनी आतल्या खोलीचं एक दार बिजागरीवरून उतरवून दोन बाकांवर आडवं ठेवलं होतं. क्रिसी आणि दुसरी एक शेजारीण बाह्या सरसावून बसल्या होत्या. आणि दारावर, पाणी गाळत, आमचा वाघ. खालांनी इक्बालकडे पाहिलं आणि बोटाने बाहेरचा रस्ता दाखवला. इक्बाल सामान घेऊन मुकाट धक्क्यावर गेले.

क्रिसी हसत म्हणाली, "त्या म्हणतात, कापड आहे, ओलं आहे, आणि बायका चार आहेत. झालं तर मग." पूर्वी कापड कशात भिजवायचे तेही तिने सांगितलं, पण ते इथे लिहीत नाही, तुम्ही कदाचित चहा पीत असाल.

मी रेकॉर्डर खिडकीत ठेवला. खालांनी तो उचलून क्रिसीच्या कोपरापाशी ठेवला. तिचा आवाज बारीक आहे म्हणून असेल, असं मला वाटलं.

आणि सुरू झालं. ब्लँकेट धरायचं, आपटायचं, आपल्याकडे ओढायचं, शेजारणीकडे ढकलायचं. सूर्य फिरतो त्याच दिशेने, उलटं नाही. मी एकदा उलटं ढकललं तर तिघी एकदम ओरडल्या. खाला ओळ म्हणायच्या आणि बाकीच्यांनी ध्रुवपद धरायचं. त्या ध्रुवपदाला अर्थच नसतो, नुसते हो रो, हु ओ असे स्वर. त्यामुळे तिसऱ्या फेरीला मीही म्हणायला लागले. माझे हात कोणाचे झाले होते कळत नव्हतं. आई समोर आहे, चुलती शेजारी आहे, आणि हे धपधप दार आहे की उखळ, काही कळत नव्हतं. खालांचा आवाज आधी फाटका होता, मग फाटकेपण जाऊन तो नुसता वाहायला लागला. मला रडू आलं, पण हात थांबवता येत नव्हते, म्हणून तशीच रडत आपटत राहिले.

लांबलचक गाणं संपलं. मला वाटलं झालं, मी रेकॉर्डर बंद करायला वाकले तर खालांनी थांब म्हणून खूण केली. मग एक हलकं, टाळ्यांचं गाणं झालं. त्यात त्या जमलेल्यांची नावं गुंफत होत्या. माझं नाव आलं, शेजारणीचं आलं, मग मर्डो आलं, आणि त्याच्या मागोमाग क्रिसी. शेजारीण खो खो हसली. क्रिसीचा चेहरा लाल झाला, पण टाळी न चुकवता तिने दोन ओळी परत केल्या. खाला दारावर हात आपटून हसल्या. मीही हसले, काही न कळता. मग लाँचचा भोंगा वाजला आणि निघताना खालांनी माझं तोंड दोन्ही ओल्या हातांत धरलं.

खोर फक्कानला उतरलो तर हवा भट्टीसारखी. पहिल्या शुक्रवारी कॅप्टन आले. बिर्याणी तशीच ठेवून आधी कॅसेट लावली. ते खुर्चीत पुढे वाकून, हात गुडघ्यांत घेऊन बसले होते. पलीकडे बंदरात क्रेन हलत होत्या आणि आमच्या हॉलमध्ये धपधप, धपधप. आईचा आवाज आला तसे त्यांनी डोळे मिटले. आजीचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग ते टाळ्यांचं आलं, आणि कॅप्टन ताठ झाले. टेप मागे घेतली, परत ऐकलं. परत मागे घेतली.

इक्बालनी विचारलं, काय झालं, कॅप्टन?

ते म्हणाले, या गाण्यात बिनलग्नाच्या माणसाचं नाव एखादीच्या नावाशी बांधायची चाल आहे. ती नाही म्हणू शकते, हो म्हणू शकते, पण उत्तर लगेच द्यावं लागतं. आईने विचारलंय, रविवार विसरलेल्या माझ्या मर्डोला कुणाच्या हवाली करू? क्रिसीच्या?

"आणि क्रिसी काय म्हणाली?" मी विचारलं.

कॅप्टन खिडकीकडे पाहत होते. "शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "ती म्हणते, वाघ पाठवला आणि स्वतः राहिला. हे ब्लँकेट सुकेपर्यंत मी थांबते. त्यानंतरचा शब्द मी देत नाही."

मग कॅप्टन हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "तिकडे काही सुकत नाही, भाभी," ते म्हणाले. "जूनमध्येसुद्धा सुकत नाही." रुमालाने तोंड पुसलं आणि टेप बंद केली. "खलास. बिर्याणी आणा."

कॅप्टनचं कॉन्ट्रॅक्ट संपायला चार महिने होते. त्यांनी ते वाढवलं नाही. जाताना कॅसेटची एक कॉपी करून मला दिली.

आता आम्ही शारजात राहतो. ती कॅसेट फार वाजवत नाही, कारण फीत जुनी झाली आहे. पण कधी जाड चादरी धुवायला काढल्या की मी टबाशी बसून ते ध्रुवपद धरते, आणि सना दुसऱ्या टोकाने ओढत माझ्याबरोबर म्हणते. तिलाही ते पाठ आहे. मग मी मधेच भात कांडायच्या गाण्याची आठवेल ती एखादी ओळ घालते. अर्धीमुर्धीच आठवते. ती विचारते पुढे काय, आणि मी रत्नागिरीला फोन करून चुलतीला विचारते.

बेटाहून पहिल्या ख्रिसमसला एक फोटो आला होता, तो फ्रिजवर लावलाय. पेगीखाला खुर्चीत, मागे कॅप्टन आणि क्रिसी खांद्याला खांदा लावून. त्यांच्या मागे परसातल्या दोरीवर तो वाघ, चांगला कडक वाळलेला, वाऱ्याने फुगलेला. फोटोमागे तारीख नाही. पण तो रविवारी काढलेला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगते.